बारा व्होल्टचा सप्लाय आणि फुगलेला कंडेन्सर
आउटपुटला कोणता माल घालावा?

दुकान, मदरसा, मशिदीचे आवार, सोसायटीचा जिना, सगळीकडे आता सी.सी.टी.व्ही. कॅमेरे लागले आहेत. कॅमेरा सर्वांना दिसतो. त्याला वीज पुरविणारा जाळीच्या पत्र्याचा डबा मात्र कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. १२ व्होल्ट, ५ किंवा १० अँपियर असे त्यावर लिहिलेले असते. एक दिवस तक्रार येते की, दिवसा चित्र स्वच्छ असते, पण रात्री पडद्यावर आडव्या रेघा सरकू लागतात. गिऱ्हाईक कॅमेऱ्याला दोष देते, बसविणारा वायरला दोष देतो. निम्म्या वेळा दोष असतो तो त्या पत्र्याच्या डब्यातल्या दोन-तीन कंडेन्सरांचा. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि दिवसभर कसाबसा चाललेला कंडेन्सर रात्री हात टेकतो.

पुस्तकात ज्याला कपॅसिटर म्हणतात त्याला आपल्या बाजारात कंडेन्सर म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर असो की गावातले एखादे लहान दुकान, एस.एम.पी.एस. दुरुस्त करणारे आणि घरच्या घरी जोडून विकणारे आपले तरुण पुष्कळ आहेत. आय.टी.आय. करून किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकून हे काम त्यांनी उचलले आहे. भांडवल थोडे लागते, रोजी इज्जतीची आहे. परंतु या धंद्यात दुकानाचे नाव टिकते की बुडते, हे बहुतेक वेळा आउटपुटच्या कंडेन्सरवर ठरते. कारण सप्लायमधला सर्वांत आधी मरणारा भाग तोच आहे. ट्रान्झिस्टर आणि आय.सी. नीट वापरले तर वर्षानुवर्षे चालतात. कंडेन्सरच्या पोटात ओला कागद असतो आणि तो सुकत जातो.

टाकी आणि नळाचे तोंड

सप्लायच्या आत काय घडते ते आधी पाहू. घरातली २३० व्होल्टची वीज प्रथम सरळ, म्हणजे डी.सी. केली जाते. ती सुमारे ३२५ व्होल्ट होते. मग एक ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला साठ-सत्तर हजार तुकडे करतो. हे तुकडे चॉपर नावाच्या लहान ट्रान्सफॉर्मरमधून जातात, पलीकडे डायोड त्यांना एका दिशेने सोडतो आणि कंडेन्सर त्यांना सलग करतो.

शंभर वॅटच्या आतल्या बहुतेक सप्लायमध्ये फ्लायबॅक पद्धत असते. तिचे वैशिष्ट्य असे की, चॉपर आधी ऊर्जा भरून घेतो आणि मग ओततो. भरत असताना तो पलीकडे काहीच देत नाही. त्या वेळात कॅमेऱ्यांना लागणारा सगळा प्रवाह एकटा कंडेन्सर पुरवितो. एखाद्या वस्तीत टँकर थोड्या थोड्या वेळाने येऊन टाकीत पाणी ओततो आणि टाकीचा नळ मात्र अखंड चालू असतो, तसा हा प्रकार आहे. टाकी किती मोठी, हे मायक्रोफॅरडमध्ये मोजतात. पण पाणी आत-बाहेर ज्या तोंडातून जाते ते तोंड किती रुंद, हा वेगळा प्रश्न आहे. कंडेन्सरच्या बाबतीत या तोंडाच्या अडथळ्याला ई.एस.आर. म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात आणि तो जितका कमी तितका बरा, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल. सर्वसाधारणपणे अशासाठी म्हटले की, याला अपवाद आहे. तो पुढे येईल.

आपले कारागीर मायक्रोफॅरड पाहून माल घेतात. १००० चा गेला, १००० चा बसविला, फार तर २२०० चा बसविला. येथेच फसगत होते. १२ व्होल्ट, ५ अँपियरच्या फ्लायबॅक सप्लायचा हिशोब करून पाहा. फ्रिक्वेन्सी ६५ किलोहर्ट्झ धरली तर एक फेरी साधारण १५.४ मायक्रोसेकंदाची होते. चॉपर अर्धा वेळ ओततो आणि प्रत्येक फेरीत पूर्ण रिकामा होतो असे समजू. म्हणजे ७.७ मायक्रोसेकंद कंडेन्सर एकटा ५ अँपियर देतो. १००० मायक्रोफॅरडच्या टाकीची पातळी एवढ्यात किती उतरेल? ५ गुणिले ७.७ भागिले १०००, म्हणजे ०.०३९ व्होल्टच्या आत. चाळीस मिलिव्होल्टसुद्धा नाही. यावरून टाकी पुरेशी मोठी आहे हे दिसते.

आता तोंडाचा हिशोब. सरासरी ५ अँपियर बाहेर द्यायचे आणि ओतायला अर्धाच वेळ आहे, त्यातही प्रवाह वरून सुरू होऊन शून्यावर उतरतो, म्हणून डायोडमधला प्रवाह सुरुवातीला २० अँपियरवर जातो. कंडेन्सरचा ई.एस.आर. ०.०३ ओहम असेल तर २० गुणिले ०.०३ म्हणजे ०.६ व्होल्टचा झटका प्रत्येक फेरीला बसतो. पातळीच्या उतारापेक्षा तो पंधरा पट मोठा आहे! कॅमेऱ्याच्या चित्रात घाण येण्यासाठी एवढा रिपल पुरेसा असतो. म्हणून १००० च्या जागी २२०० घातला आणि त्याचा ई.एस.आर. तसाच राहिला, तर फायदा जवळजवळ काहीच होत नाही.

रिपल करंट म्हणजे कंडेन्सरची मजुरी

झटक्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे उष्णता. वरच्याच उदाहरणात डायोडचा प्रवाह आर.एम.एस. हिशोबाने साधारण ८.२ अँपियर होतो. त्यातून बाहेर जाणारे ५ अँपियर वर्गाच्या रीतीने वजा केले की कंडेन्सरच्या वाट्याला सुमारे साडेसहा अँपियर उरतात. एवढा रिपल करंट तो सतत आत घेतो आणि बाहेर टाकतो. साडेसहाचा वर्ग बेचाळीसच्या आसपास, त्याला ०.०३ ने गुणले की सव्वा वॅट. करंगळीएवढ्या डब्यात सव्वा वॅट उष्णता कोंडली तर आतला द्रव उकळू लागणारच.

१०००/२५ चा चांगल्या कंपनीचा लो-ई.एस.आर. कंडेन्सर १०० किलोहर्ट्झला साधारण दीड ते दोन अँपियर रिपल करंट सोसतो. म्हणजे या कामाला एक पुरत नाही, दोनही पुरत नाहीत. चार समांतर जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला १.६ अँपियर येतात, एकूण ई.एस.आर. ०.०३ वरून ०.००७५ वर येतो, झटका ०.१५ व्होल्टवर उतरतो आणि प्रत्येकातली उष्णता वॅटच्या बाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी राहते. पुढे एक लहान कॉइल आणि तिच्यामागे आणखी एक कंडेन्सर दिला की उरलासुरला रिपलही गळून जातो. चांगल्या सप्लायमध्ये आउटपुटला फेराईटच्या दांडीवर गुंडाळलेली जी जाड तार दिसते ती यासाठी असते. पुष्कळ जण ती जळाली की सरळ जंपर मारतात. तसे करू नये.

बाजारातल्या स्वस्त डब्यात ५ अँपियरला दोनच कंडेन्सर सापडतात, तेही साधे. अशा डब्यावर ५ लिहिलेले असले तरी तो साडेतीनच्या वर सतत चालवू नये, असे माझे मत आहे. दुरुस्तीला आला तर पी.सी.बी.वर बहुधा तिसऱ्या-चौथ्या कंडेन्सरसाठी रिकामी भोके दिसतात. आखणाऱ्याने जागा ठेवली होती, भरणाऱ्याने पैसे वाचविले. ती भोके भरून द्यावीत आणि गिऱ्हाइकाला सांगून त्याचे दाम घ्यावे.

डेटाशीट वाचताना एक फसवी जागा लक्षात असू द्यावी. साध्या कंडेन्सरचा रिपल करंट १०० किंवा १२० हर्ट्झला दिलेला असतो, कारण तो जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी बनलेला आहे. लो-ई.एस.आर. मालाचा आकडा १०० किलोहर्ट्झचा असतो. दोन याद्या शेजारी ठेवून आकड्याला आकडा भिडवला तर निर्णय चुकतो. आधी फ्रिक्वेन्सी पाहावी, मग आकडा.

८५ आणि १०५ यांतला फरक

कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. त्या तापमानाला तो किती तास टिकेल तेही डेटाशीटमध्ये दिलेले असते : १०००, २०००, ५००० वगैरे. २००० तास हा आकडा मोठा वाटतो. २४ ने भागून पाहा, ८३ दिवस भरतात. मात्र तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, हा या मालाचा ठोकताळा आहे.

विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते. पत्र्याच्या छपराखाली, बंद डब्यात, आतल्या गर्मीसह कंडेन्सरचे अंग सहज ६५ वर जाते. १०५ अंशांचा २००० तासांचा कंडेन्सर तेथे चार वेळा दुप्पट होतो, म्हणजे ३२ हजार तास, साडेतीन वर्षांपेक्षा थोडे जास्त. ८५ अंशांचा २००० तासांचा कंडेन्सर दोनदाच दुप्पट होतो, म्हणजे ८ हजार तास, अकरा महिने. वर्षाच्या गॅरंटीने विकलेला सप्लाय बाराव्या महिन्यात परत येतो तो असा. ५००० तासांचा १०५ अंशांचा माल घेतला तर हिशोब ८० हजार तासांवर जातो, नऊ वर्षे. ही सगळी रात्रंदिवस चालण्याची गणिते आहेत, आणि कॅमेऱ्याचा सप्लाय रात्रंदिवसच चालतो.

आयुष्य संपले म्हणजे कंडेन्सर फुटलाच पाहिजे असे नाही. त्याची क्षमता ठरल्यापेक्षा जास्त घसरली किंवा अडथळा वाढून दुपटीवर गेला की कंपनी त्याला संपला म्हणते. पुढचा प्रवास वेगाने होतो. अडथळा वाढला म्हणून उष्णता वाढते, उष्णता वाढली म्हणून द्रव आणखी सुकतो.

जागेचाही विचार हवा. डायोडच्या हीटसिंकला चिकटून बसविलेला कंडेन्सर सर्वांत आधी मरतो. पी.सी.बी. स्वतः आखत असाल तर डायोडपासूनचा रस्ता विजेच्या दृष्टीने आखूड आणि जाड ठेवा, पण हीटसिंकच्या पत्र्यापासून कंडेन्सरला काही मिलिमीटर श्वास घेऊ द्या. या दोन गोष्टी एकमेकांच्या विरोधात जातात. खरी कारागिरी तेथेच दिसते.

व्होल्टेजबाबत थोडक्यात. ५ व्होल्टला १० चा, १२ व्होल्टला २५ चा आणि २४ व्होल्टला ३५ चा कंडेन्सर घालावा. १२ ला १६ चा चालतो, कंपन्याही घालतात. परंतु त्याच मायक्रोफॅरडचा २५ चा डबा मोठा असतो, त्याचा ई.एस.आर. बहुधा कमी असतो आणि तो थंड राहतो. फीडबॅक बिघडून व्होल्टेज क्षणभर वर गेले तरी तग धरतो. जागा असेल तर २५ चाच घ्यावा.

जास्त चांगला माल घालूनही सप्लाय बिघडतो

आता तो अपवाद. सप्लाय आपले व्होल्टेज स्वतः मोजून सावरत असतो. फ्लायबॅकमध्ये हे काम बहुधा टी.एल. ४३१ आणि ऑप्टो मिळून करतात. हा फीडबॅक आखताना आखणाऱ्याने कंडेन्सरचा ई.एस.आर. गृहीत धरलेला असतो. १००० मायक्रोफॅरड आणि ०.०३ ओहम यांची जोडी सुमारे ५.३ किलोहर्ट्झच्या पुढे फीडबॅकला एक आधार देते. त्या जागी ४७० मायक्रोफॅरडचा, ०.०१ ओहमचा पॉलिमर कंडेन्सर घातला तर हा आधार ३४ किलोहर्ट्झवर सरकतो, म्हणजे हवा तेथे उरतच नाही. परिणाम असा की सप्लाय शिट्टी वाजवू लागतो, व्होल्टेज डोलते आणि महागडा माल घालूनही काम बिघडते. एल.एम. २५९६ या लोकप्रिय आय.सी.च्या बाबतीतही अगदी कमी ई.एस.आर.ने लूप अस्थिर होतो, आणि त्याच्या डेटाशीटमध्ये तशी सूचना आहे. म्हणून दुरुस्ती करताना मूळ कंडेन्सर ज्या जातीचा होता त्याच जातीचा, पण चांगला, घालणे हा सुरक्षित मार्ग आहे. पॉलिमर उत्तम वस्तू आहे. द्रव नसल्यामुळे तो सुकत नाही आणि रिपल करंट भरपूर सोसतो. पण फीडबॅक त्याच्यासाठी जुळवून घ्यावा लागतो.

एल.एम. २५९६ चा विषय निघालाच आहे तर हेही पाहून घ्या. तो बक पद्धतीचा आहे, १५० किलोहर्ट्झवर चालतो. त्यात आउटपुटच्या आधी कॉइल असते, म्हणून प्रवाह तुटत नाही, फक्त थोडा वर-खाली होतो. १२ चे ५ व्होल्ट करताना ३३ मायक्रोहेन्रीची कॉइल असेल तर हा चढउतार ०.६ अँपियरच्या आत राहतो आणि कंडेन्सरच्या वाट्याला आर.एम.एस. हिशोबाने जेमतेम ०.१७ अँपियर येतात. फ्लायबॅकमधले साडेसहा कुठे आणि हे कुठे! म्हणून कोणता कंडेन्सर चांगला, हा प्रश्न सप्लायची पद्धत कोणती हे न पाहता विचारण्यात अर्थ नाही.

मोठे कंडेन्सर भरमसाट वाढविण्यातही धोका आहे. चालू होताना ते रिकामे असतात आणि सप्लायला ते शॉर्टसारखे भासतात. त्याचे संरक्षण जागे होते, सप्लाय टकटक करीत चालू-बंद होत राहतो. १००० च्या जागी ४७०० घालून मजबुती केली आणि सप्लाय उठेनाच, अशी प्रकरणे टेबलावर येतात.

सिरॅमिक कंडेन्सर, विशेषतः बारीक एस.एम.डी. जातीचे, आता १० आणि २२ मायक्रोफॅरडमध्येही मिळतात. त्यांचा ई.एस.आर. फार कमी असतो आणि डायोडच्या तीक्ष्ण झटक्यांना ते चांगले शोषतात. पण त्यांचा एक गुण विकणारा सांगत नाही. डी.सी. व्होल्टेज चढले की त्यांची क्षमता गळते. १६ व्होल्टचा बारीक १० मायक्रोफॅरडचा तुकडा १२ व्होल्टवर निम्माही उरत नाही, असे सर्रास घडते. एक्स ७ आर जात तापमानाला बरी टिकते, उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत फरक १५ टक्क्यांच्या आत राहतो. वाय ५ व्ही जातीची क्षमता मात्र तापमानानेच ८२ टक्क्यांपर्यंत घसरू शकते. ती या कामाला घेऊच नये. टँटलमला सप्लायच्या पहिल्या जागी टाळावे. घालायचाच असेल तर लागणाऱ्या व्होल्टेजच्या दुप्पट रेटिंगचा घालावा, कारण तो बिघडला की शॉर्ट होतो आणि पेटतोसुद्धा.

एल.ई.डी. दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये गणित पुन्हा बदलते. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची उजाला योजना सुरू झाल्यापासून हे दिवे घरोघर पोहोचले आणि त्यांची दुरुस्ती हा एक नवा धंदा झाला. पॉवर फॅक्टर सुधारणारा एकाच टप्प्याचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या आउटपुटला १०० हर्ट्झचा संथ रिपल येतो. येथे टाकीचा आकार खरोखरच महत्त्वाचा ठरतो. मायक्रोफॅरड कमी पडले तर दिवा डोळ्यांना दिसणार नाही असा लुकलुकतो, मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात. खराद यंत्रावर किंवा भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर असा प्रकाश धोक्याचा आहे, कारण फिरणारा भाग थांबल्यासारखा किंवा संथ फिरतो आहे असा भास होऊ शकतो. दिव्याच्या खोक्यावर ५० हजार तास लिहिलेले असते ते एल.ई.डी.च्या दाण्यांचे. आतल्या ८५ अंशांच्या कंडेन्सरला ते कोणी विचारलेले नसते.

खोटा माल

१९९९ ते २००७ च्या सुमारास जगभरातल्या संगणकांचे कंडेन्सर भराभर फुगू लागले होते, हे जुन्या दुरुस्तीवाल्यांना आठवत असेल. पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या द्रवात गंज रोखणारी द्रव्ये नीट मिसळलेली नव्हती. ॲल्युमिनिअमशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होई आणि डबे फुगत. डेलसारख्या कंपनीला २००५ मध्ये दुरुस्त्यांपोटी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. काही पैशांच्या वस्तूने एवढ्या मोठ्या कंपनीचे हे केले, तर लहान दुकानाचे काय होईल?

आजचा त्रास थोडा वेगळा आहे. जुन्या बोर्डांतून काढलेला माल धुऊन, नवी प्लॅस्टिकची टोपी चढवून नव्याच्या भावात विकला जातो. ४७० च्या डब्यावर १००० छापलेले असते. मोठ्या डब्यात लहान कंडेन्सर बसवून दिलेलाही सापडतो. वजनाला हलका, पाय पूर्वी कापून-वाकवून सरळ केल्यासारखे, छपाई बोटाने पुसली जाणारी, नामांकित कंपनीचा माल आणि दर निम्मा, एवढ्या खुणा दिसल्या की हात मागे घ्यावा. एकदम शंभर घेण्याआधी दोन घेऊन मोजावेत, एक कापून पाहावा.

पवित्र कुरआनात मापात खोट करणाऱ्यांच्या नावाने एक स्वतंत्र अध्याय आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन. आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड केल्याची आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला सांगितल्याची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. कंडेन्सरच्या टोपीखाली काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, तेथे हात घालणारे आपणच असतो. ८५ चा घातला असेल तर ८५ चा घातला असे बिलावर लिहावे. स्वस्त काम करणे गुन्हा नाही. स्वस्त काम करून महागाचे दाम घेणे हा मात्र सरळ धोका आहे. विकण्यासाठी सप्लाय जोडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, संगणकाचे ॲडॉप्टर आणि एल.ई.डी.चे ड्रायव्हर अशा वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. दुरुस्ती ही वेगळी गोष्ट, स्वतःच्या नावाने विकणे वेगळे.

टेबलावरची तपासणी

फुगलेला डबा कोणालाही ओळखता येतो. वरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी द्रव आला की प्रश्नच संपला. अवघड असतो तो न फुगता मेलेला कंडेन्सर. मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर तो ९०० दाखवितो आणि आपण त्याला पास करतो. पण ते मोजमाप संथ फ्रिक्वेन्सीचे असते. तोच कंडेन्सर १०० किलोहर्ट्झवर अर्धा ओहम दाखवील, म्हणजे नव्याच्या पंधरा-सोळा पट. यासाठी ई.एस.आर. मीटर हवा. साधा मीटर आता फार महाग राहिलेला नाही आणि रोज दोन-चार सप्लाय हाताळणाऱ्याने तो घ्यायलाच हवा. मीटरबरोबर घरची एक यादी करावी. नवा चांगला १०००/२५ किती दाखवितो, ४७०/३५ किती दाखवितो, हे वहीत लिहून ठेवावे. पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा ही वही जास्त कामाला येते. मात्र समांतर जोडलेले कंडेन्सर बोर्डवर मोजले तर चांगला वाइटाला झाकतो. शंका असेल तर एक पाय सोडवून मोजावे. आणि एक गेला असेल तर तिन्ही बदलावेत, कारण तिघांनी एकच उन्हाळा सोसलेला असतो.

काम झाल्यावर पूर्ण लोडवर अर्धा तास चालवावे. रिकाम्या सप्लायवर १२.०० व्होल्ट दिसले म्हणजे काही सिद्ध झाले नाही. जुन्या मोटारीचे दिवे लोड म्हणून उत्तम चालतात. १२ व्होल्टचा ६० वॅटचा एक दिवा म्हणजे ५ अँपियर. ऑसिलोस्कोप असेल तर त्याच्या प्रोबची लांब काळी तार काढून, टोकाशीच जमीन घेऊन रिपल पाहावा. लांब तार स्वतःच अँटेनासारखी वागते आणि नसलेला रिपल दाखविते. स्कोप नसेल तर अर्ध्या तासाने वीज बंद करून कंडेन्सरच्या अंगाला बोट लावून पाहावे. कोमट चालेल, बोट टेकवत नसेल तर काम अपुरे आहे.

बोट लावण्याआधी मात्र इनपुटच्या बाजूचा मोठा ४०० व्होल्टचा कंडेन्सर आठवा. प्लग काढल्यावरही त्यात ३०० च्या वर व्होल्ट उभे असतात, आणि सप्लाय बिघडून बंद पडलेला असेल तर ते फार वेळ उभे राहतात. पेचकसाने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची सवय वाईट आहे. त्याने कंडेन्सरही जातो आणि डोळ्यात कथील उडते. काही किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर दोन चांगल्या वायरींना जोडून ठेवावा, त्याने दहा-पंधरा सेकंद धरून रिकामा करावा आणि मग मीटरने पाहून घ्यावे. इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये बसलेला निळा चकतीसारखा कंडेन्सर वाय जातीचा असतो. गेला तर त्या जागी वाय १ किंवा मूळ असेल त्याच खुणेचा बसवावा, साधा सिरॅमिक चुकूनही नको. तो शॉर्ट झाला तर घरातली २३० व्होल्टची वीज थेट कॅमेऱ्याच्या पत्र्यावर येते, आणि त्या पत्र्याला शिडीवर उभा असलेला कोणीतरी धरून असतो.